जिजाऊंचं माहेर : सिंदखेडची गढी

गड म्हटला की डोळ्यांपुढं डोंगर उभा राहतो. आपल्या वऱ्हाडात मात्र सरदारांचं ठाणं बहुधा गावातच, गढीत असायचं. बुलढाणा जिल्ह्यातली अशी सर्वांत नावाजलेली जागा म्हणजे सिंदखेड राजा. आषाढी आटोपून श्रीगजानन महाराजांची पालखी जालन्याहून याच गावी येते, आणि पुढं लोणार, मेहकर करत शेगावला पोचते. परतीला आम्हा वारकऱ्यांना घराची ओढ असते, पाय थांबत नाहीत. पण इथं थांबावं.

लखुजीराजे जाधव हे देवगिरीच्या यादवांच्या कुळातले, निजामशाहीतले मोठे सरदार. १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेला, त्यांच्या वाड्यात जिजाऊ जन्मल्या. रंगपंचमीला रंगमहालात लहानग्या जिजाऊ आणि शहाजीराजे रंग खेळले, तिथंच सोयरिकीचा विषय निघाला, असं जुनी माणसं सांगतात.

पुढं २५ जुलै १६२९ रोजी निजामशहानं देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीराजांना मुलं-नातवासह दग्यानं मारलं. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे माहेर उजाडलं तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. बाप गेला, भाऊ गेले, आणि पोटात स्वराज्य वाढत होतं. ही गोष्ट मनात धरून वाड्याच्या दरवाजातून आत गेलं, तर दगडसुद्धा बोलू लागतो.

नंतर या गावानं फार सोसलं. १७५७ साली इथंच मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली या भागात होता. लोक शेकड्यांनी उपाशी मरताहेत आणि राज्य कुणाचंच उरलं नाही, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

आता दर्शनाचं सांगतो. आधी जन्मस्थानी माथा टेकवावा. मग लखुजीराजांची भव्य समाधी आणि निळकंठेश्वराचं देऊळ करावं. काळाकोटाच्या जाडजूड भिंती पाहाव्यात. त्यानंतर मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव बघायला विसरू नये. कोट बांधणारे राजे गेले, त्यांचे शत्रूही गेले. पण रयतेसाठी अडवलेलं पाणी अजून पावसाळ्यात तलावात साठतं. राजाचं पुण्य कशात असतं, ते तिथं काठावर उभं राहिलं की कळतं.

आमची एकच विनंती. भिंतीवर नाव कोरू नका, बारवेत पत्रावळी टाकू नका. चंद्रभागेच्या वाळवंटात जसं वागतो, तसंच इथंही वागावं. विठोबाच्या दारी आपण लेकरू म्हणून जातो. हेही एका आईचं माहेर आहे.

रामकृष्णहरी!