धंदेशिक्षण आणि लोखंडी नांगर

श्रोतेहो, देश सधन व्हायचा असेल तर धंदेशिक्षणाच्या शाळा काढा, असे आपण नेहमी ऐकतो. म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी आपल्याच मुलखातली एक हकीकत पाहू.

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. कापडगिरण्यांना जाणते कारागीर हवे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे यंत्रांची रेखाटने शिकवीत. पुढे नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. पण नांगर खपेना. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज! असा समज सांगून जात नसतो. रानात तास धरूनच दाखवावे लागते.

१९१० साली औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शाळेत न रमलेली माणसेही तेथे काम करता करता कसब शिकली. शिकवणारा होता, हाताला काम होते आणि मालाला शेतकरी गिऱ्हाईक मिळाले. ही तिन्ही जुळली, तेव्हाच विद्येचे धन झाले.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत नेमके हे जुळणे राहून जाई. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने १९६५ साली घाना देशाचे उदाहरण घेऊन ते दाखवले. शाळेत शेती आणि हस्तकला शिकवली, तरी मुले कचेरीकडेच पाहत, कारण पगार तेथे होता. दोष मुलांचा नव्हता. त्यांचा हिशेब बरोबर होता.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारांना शिकवण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. पण कळंबसारख्या तालुक्यात कारखाने थोडे. पोरगा फिटर होतो आणि पुण्याची गाडी धरतो. इकडे ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळते आणि मेकॅनिकची वाट पाहता पाहता ऊस वाळतो. गावात काम आहे, शिकलेला हातही आहे. दोघांची गाठ तेवढी पडत नाही.

तेव्हा गुरुजनहो, मुलाला कोणता कोर्स घ्यायचा हे सांगण्याआधी त्याच्यासह गावात एक फेरी मारा. काय मोडते, कोण दुरुस्त करतो, त्याचे किती पैसे मिळतात, हे वहीत मांडा. आणि शेतकरी बंधूंनो, दुरुस्तीचे दाम वेळेवर द्या. पोट भरले, तर तो पोरगा गावात राहील.