बार्टन स्प्रिंग्स

बार्टन स्प्रिंग्स हा अमेरिकेतील टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन येथील चार नैसर्गिक झऱ्यांचा समूह आहे. हे झरे झिल्कर पार्क या सार्वजनिक उद्यानात व त्याच्या परिसरात आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठ्या झऱ्याच्या पाण्यावर सुमारे ३ एकरांचा जलतरण तलाव आहे. तलावाचे तापमान वर्षभर साधारण २० ते २१ अंश सेल्सियस राहत असल्याने येथे सर्व ऋतूंत पोहता येते.

भूशास्त्र

उद्यानाच्या नैर्ऋत्येकडील प्रदेशात पडणारे पावसाचे पाणी ओढ्यांच्या पात्रांतील भेगांमधून एडवर्ड्स जलधरात उतरते आणि येथे पुन्हा भूपृष्ठावर येते. चुनखडीच्या खडकातील पोकळ्यांमधून ते वेगाने वाहते. त्यामुळे वाटेत त्याचे फारसे गाळण होत नाही. दूरवरच्या रस्त्यांवरील व बांधकामांवरील प्रदूषके म्हणूनच थेट झऱ्यापर्यंत पोहोचू शकतात.

इतिहास

१८३७ मध्ये येथे वस्ती करणाऱ्या विल्यम बार्टन यांच्यावरून झऱ्यांना हे नाव मिळाले. ऑस्टिनमधील उद्योजक अँड्र्यू झिल्कर यांनी १९१७ मध्ये झऱ्यांभोवतीची जमीन सार्वजनिक उपयोगासाठी दिली. १९२० च्या दशकात बांध घालून तलावाला सध्याचे रूप देण्यात आले. तलाव सार्वजनिक असला तरी वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना तेथे मज्जाव होता. त्याविरुद्ध १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी तलावात उतरून निषेध केला. १९६२ मध्ये तलाव सर्वांसाठी खुला झाला.

जीवसृष्टी

बार्टन स्प्रिंग्स सॅलॅमँडर हा लहान उभयचर प्राणी नैसर्गिकरीत्या याच परिसरातील झऱ्यांमध्ये आढळतो. तो प्रौढावस्थेतही बाह्य कल्ले टिकवून ठेवतो व आयुष्यभर पाण्यातच राहतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९७ मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजाती म्हणून घोषित केले.

संवर्धन

केवळ उद्यानाचे रक्षण केल्याने झरा सुरक्षित राहत नाही, याची जाणीव पाणलोट क्षेत्रातील वाढत्या बांधकामांमुळे झाली. १९९० मध्ये एका मोठ्या गृहप्रकल्पाला विरोध करण्यासाठी शेकडो नागरिक नगर परिषदेच्या बैठकीस आले व ती रात्रभर चालली. १९९२ मध्ये मतदारांनी 'सेव्ह अवर स्प्रिंग्स' हा नियम मंजूर केला. या नियमाने पाणलोट क्षेत्रातील नव्या बांधकामांत पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागावर १५ ते २५ टक्क्यांची मर्यादा घातली.

पर्यटन

तलावाचा तळ खडकाळ व काही ठिकाणी शेवाळलेला असल्याने निसरडा असतो. बार्टन ओढ्याचे पाणी एरवी तलावाला वळसा घालून पुढे जाते. मात्र मोठ्या पुरात ते बांधावरून आत शिरते आणि स्वच्छता होईपर्यंत तलाव बंद ठेवला जातो. नियमित स्वच्छतेसाठीही आठवड्यातून एकदा तलाव दिवसाचा बराच वेळ बंद असतो.