वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोची भाषा



रायपुरातल्या मराठी घरांतली मुलं हल्ली स्पॅनिश शिकायला परदेशी जायचं म्हणतात. घरून पहिला प्रश्न येतो, "त्या भाषेचा उपयोग काय?" माझं उत्तर एका नावात आहे: पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे वर्ध्याचे. 1956 पर्यंत वर्धा आणि रायपूर एकाच प्रांतात होते, म्हणजे माणूस आपल्याच मुलखातला. इंग्रजांशी लढायचं म्हणून ते तरुणपणीच देशाबाहेर पडले. अमेरिकेत त्यांनी दोन शिक्षणं घेतली. कॅलिफोर्नियातल्या तमालपाइस मिलिटरी अकादमीत लष्करी, आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीचं. गदर चळवळीच्या पहिल्या फळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढले. युद्ध संपलं, पण मायदेशाची वाट बंदच राहिली.

1924 मध्ये ते मेक्सिकोत पोचले. तिथे क्रांती नुकतीच होऊन गेली होती आणि शेतकऱ्याला जमिनीबरोबर ज्ञानही हवं होतं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत खानखोजे शिकवू लागले. मक्याच्या, गव्हाच्या सुधारित जातींवर काम केलं. खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा उभारल्या. हे सगळं स्पॅनिशमधून.

इथे मला फौज आठवते. गोरखा पलटणीत नव्या अधिकाऱ्याला गोरखाली शिकावीच लागते. त्याशिवाय हुकूम पोचतो, माणूस पोचत नाही. खानखोजेंचंही तसंच. नांगर धरणाऱ्या माणसाला बियाणं समजावायचं, तर बोली त्याचीच हवी. नुसत्या व्याकरणावर ते काम होत नाही. त्याचं जेवण, त्याचे सण, त्याचं दुःख कळावं लागतं. भाषेबरोबर संस्कृती शिकायची म्हणतात ती याचसाठी.

मराठी माणसाला ही भाषा तशी अगदी परकीही नाही. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला. त्याची स्पॅनिश बहीण म्हणजे 'पान'. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची रोजची भाकर' या अर्थाच्या नावाचं चित्र काढलं. त्यात टेबलाशी बसून भाकर मोडणारा माणूस आपल्या वर्ध्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परदेशाने त्यांना आठवणीत ठेवलं. आपल्याकडे, त्यांच्याच जुन्या प्रांतात, हे नाव किती घरांत ठाऊक आहे?

म्हणून आईवडिलांना माझं सांगणं, नोकरी किती पगाराची हे जरूर विचारा. पण मुलाला हेही विचारा, "ही भाषा शिकून तू कोणाच्या कामाला येणार?" उत्तर पक्कं असेल, तर बिनधास्त पाठवा.

जय हिंद.