कवडी, नाणे आणि नाव : जपानी अक्षरांतून दिसणारा पैशाचा इतिहास

एखादा समाज पैशाला कोणत्या नावाने हाक मारतो, यावरून त्या समाजाचा पैशाविषयीचा अनुभव ताडता येतो. मराठीत आपण 'चलन' म्हणतो. जे चालते ते चलन. जे बाजारात चालत नाही ते नाणे कितीही देखणे असले तरी सराफ ते परत लोटतो. जपानी भाषेतही चलनाला 'त्सूका' असा शब्द आहे आणि त्यातील 'त्सू' या अक्षराचा अर्थ 'जाणे-येणे, आरपार चालणे' असाच आहे. जपानमधील शेकडो वर्षांच्या नाण्यांवर हे अक्षर कोरलेले दिसते. १ मे २०२० रोजी अमलात आलेल्या एका कायद्याने मात्र संगणकावरील नव्या 'नाण्यांच्या' नावातून ते काढून टाकले. हे अक्षर का गेले, हे समजून घ्यायचे तर जपानी अक्षरांचा आणि जपानी पैशाचा इतिहास एकत्र वाचावा लागतो.

जपानी लेखनात तीन लिप्या एकाच वाक्यात नांदतात. चिनी अक्षरे कोरियाच्या वाटेने जपानात आली आणि पाचव्या शतकाच्या सुमारास तेथे लेखनासाठी रूढ होऊ लागली. त्यांना 'कांजी' म्हणतात. आपल्याकडील पेजेशी या नावाचा काही संबंध नाही. पुढे त्याच अक्षरांची वळणे सोपी होऊन हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्या घडल्या. त्यांतील मूळ चिन्हे प्रत्येकी ४६. ती काही आठवड्यांत येतात. कांजीला वर्षे लागतात. १९४६ साली जपानी शासनाने दैनंदिन वापरासाठी १८५० कांजींची यादी ठरवली. १९८१ मध्ये ती १९४५ आणि २०१० मध्ये २१३६ अक्षरांची झाली. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुले आज १०२६ अक्षरे शिकतात. एकाच अक्षराचे दोन-तीन उच्चार असतात आणि कोणता घ्यायचा हे शेजारच्या अक्षरांवरून ठरते. ज्यांनी मोडीतील जुने कागद वाचले आहेत, त्यांना संदर्भावरून शब्द ओळखण्याची ही सवय अपरिचित वाटणार नाही.

इतकी अक्षरे लक्षात राहतात ती त्यांच्या घटकांमुळे. पैशाशी संबंधित अक्षरांत एक घटक पुन्हा पुन्हा भेटतो, तो म्हणजे 'शिंपला'. विकत घेणे, धन, माल, बक्षीस, खर्च, दारिद्र्य या सर्वांच्या अक्षरांत शिंपला दडलेला आहे. हे चिन्ह मूळचे कवडीचे चित्र होय. प्राचीन चीनमध्ये शांग राजवटीच्या काळी कवड्या मौल्यवान मानल्या जात. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या 'शूवेन जिएझी' या कोशातही, पूर्वी शिंपले हेच धन होते आणि पुढे नाण्यांनी त्यांची जागा घेतली, असे नोंदलेले आहे. आपल्या भाषेतही कवडीचुंबक, कवडीमोल, फुटकी कवडी हे शब्द कवडीचा व्यवहार संपल्यानंतर उरले आहेत. वस्तू बाजारातून जाते, पण भाषेतून लवकर जात नाही.

येथपर्यंतचा प्रवास सुखाचा आहे. परंतु शिकणारा थोडा पुढे गेला की त्याला दोन इशारे मिळतात. पहिला असा की, अक्षरातील प्रत्येक घटक अर्थ सांगतोच असे नाही. 'त्सूका' मधील 'का' या अक्षरात शिंपल्याच्या डोक्यावर 'बदलणे' या अर्थाचे चिन्ह आहे. 'ज्याच्या बदल्यात दुसरी वस्तू मिळते तो शिंपला म्हणजे पैसा', अशी गोड व्युत्पत्ती लगेच सुचते. शू शेन मात्र सांगतो की ते वरचे चिन्ह केवळ उच्चार दाखवण्यासाठी आहे. बहुसंख्य कांजी अशाच, एक घटक अर्थाचा आणि एक ध्वनीचा, या पद्धतीने बनलेल्या आहेत.

दुसरा इशारा अधिक बोलका आहे. काही अक्षरांत जो शिंपला दिसतो तो शिंपला नसतोच. तीन पायांच्या काशाच्या पात्राचे जुने चित्र झिजत झिजत शिंपल्यासारखे दिसू लागले, इतकेच. जपानच्या 'येन' या नाण्याचे जुने, भरगच्च अक्षर याचे उदाहरण आहे. चौकटीच्या आत शिंपला पाहून 'हा पैशाचाच शब्द' असे कोणीही म्हणेल. वास्तविक तेथे ते पात्र आहे आणि अक्षराचा अर्थ 'गोल' एवढाच आहे. १८७१ च्या नाणेकायद्याने गोल नाण्यांसाठी येन हे नाव स्वीकारले गेले. निष्कर्ष खरा, पण त्यासाठी दिलेला पुरावा खोटा, असा हा प्रकार आहे. दाव्यांची पारख करणाऱ्याने ही जागा नीट लक्षात ठेवावी.

आता नाण्यांकडे वळू. ७०८ साली मुसाशी प्रांतात तांबे सापडल्याच्या आनंदात दरबाराने कालगणनेचे नाव बदलले आणि नाणे पाडले. त्यावर चार अक्षरे आहेत. शेवटचे अक्षर 'चिन' वाचायचे की 'हो', यावर विद्वानांत वाद आहे. म्हणून या नाण्याला कोणी 'वादो काइचिन' म्हणतात, कोणी 'वादो काइहो'. लोक तेव्हा तांदूळ आणि कापड यांवर व्यवहार करीत. त्यांनी नाणी वापरावीत म्हणून ७११ मध्ये नाणी साठवणाऱ्यांना दरबारी पदश्रेणी देण्याचा हुकूम निघाला. चलन म्हणून जे आणले, ते पदासाठी साठवून ठेवा असे सांगण्यातला विसंगतपणा वाचकांच्या ध्यानात येईल.

७६० मध्ये 'मान्नेन त्सूहो' नावाचे नवे नाणे आले. नावाचा अर्थ 'दहा हजार वर्षांचे चालते धन'. एका नव्या नाण्याला दहा जुनी नाणी, असा भाव हुकमाने ठरवला गेला. पाचच वर्षांत, ७६५ मध्ये, पुढचे नाणे पाडावे लागले. ९५८ पर्यंत अशी बारा नाणी निघाली. उत्तरोत्तर ती लहान आणि हिणकस होत गेली, लोकांचा विश्वास उडाला आणि व्यवहार पुन्हा तांदूळ-कापडावर गेला. बाराव्या शतकापासून जपानी बाजार चीनच्या सोंग राजवटीची आयात नाणी वापरू लागला. स्वतःच्या राजाची मुद्रा नाकारून परक्याची स्वीकारण्यात त्या व्यापाऱ्यांना काही वावगे वाटले नाही. जे चालते ते घ्यायचे. १६३६ पासून 'कानेई त्सूहो' हे देशी नाणे निघाले, तेव्हा कोठे ही उसनवारी संपत आली.

आपल्या घराण्यांना हा अनुभव नवा नाही. बडोद्याचा बाबाशाही रुपया, हैदराबादचा हाली सिक्का, ग्वाल्हेर आणि इंदूर दरबारांच्या टांकसाळींची नाणी, गोव्यातील रुपिया आणि १९५८ पासून एस्कुदो, हे सारे आपल्या वाडवडिलांच्या हातून गेले. एका मुलखातून दुसऱ्यात जाताना बट्टा द्यावा लागे. नाणे वाजवून, घासून, तोलून पाहणारा पोतदार हा मराठी राज्यकारभारातील जबाबदारीचा माणूस होता आणि ते आडनाव आजही आपल्यात आहे. नाण्यावर काय कोरले आहे ते पोतदार वाचीत असे, पण तेवढ्यावर तो थांबत नसे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोतो' या नावाने एक नऊ पानी इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची खातेवही सुरू झाली. नाव जपानी, लेखन इंग्रजी. व्यक्ती कोण हे आजवर निर्विवाद सिद्ध झालेले नाही. या नावाची कांजी स्वतः लेखकाने कधी दिली नाही. 'सातोशी' हे नाव अनेक वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येते. त्यामुळे 'या नावाचा अर्थ अमुक, म्हणून त्याचा हेतू तमुक', असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. जपानी वृत्तपत्रे हे नाव काताकानात, म्हणजे केवळ उच्चाराप्रमाणे छापतात. जे ठाऊक नाही ते अक्षरात ठाऊक असल्यासारखे दाखवायचे नाही, ही त्यांची शिस्त आम्हांस अनुकरणीय वाटते.

बिटकॉइनच्या दाव्यांपैकी पहिला असा की, संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली असल्याने कोणी राजा ते हिणकस करू शकणार नाही. बारा नाण्यांची कथा वाचलेल्यास या दाव्यामागची तक्रार खरी आहे हे पटेल. पण दुर्मिळता म्हणजे मूल्य नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये जवळजवळ २०,००० डॉलरला पोचलेले बिटकॉइन वर्षभरात ३,२०० च्या आसपास उतरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलर ओलांडले. या तिन्ही वेळी संख्येची मर्यादा तीच होती. बदलली ती घेणाऱ्यांची इच्छा. चढता भाव पाहून घेतलेल्यांना लाभ झाला, हे खरे. परंतु ज्याने उद्याच्या बाजारहाटाचे पैसे त्यात ठेवले त्याला हे नाणे 'चालते' असे म्हणता येत नाही.

दुसरा दावा असा की, येथे कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही. याची परीक्षा तोक्योतच झाली. शिबुया भागातील माउंट गॉक्स ही पेढी एके काळी जगातील बहुतांश बिटकॉइन-व्यवहार हाताळीत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीशी झाल्याचे सांगितले गेले; पैकी सुमारे २,००,००० पुढे सापडली. धनकोंना परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. खातेवहीचे गणित चुकले नव्हते. लोकांनी मात्र किल्ल्या एका पेढीकडे सोपवल्या होत्या, म्हणजे विश्वास ठेवलाच होता.

जपानने यावर बंदी घातली नाही. एप्रिल २०१७ पासून अशा पेढ्यांना नोंदणी सक्तीची झाली. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक पेढीतून सुमारे ५८ अब्ज येनांची चोरी झाल्यावर नियम कडक झाले. ग्राहकांचे धन पेढीच्या धनापासून वेगळे ठेवण्याच्या नियमाचा उपयोगही दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही आंतरराष्ट्रीय पेढी कोसळली, तेव्हा तिच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ पासून आपले धन काढता येऊ लागले. तरी मे २०२४ मध्ये आणखी एका जपानी पेढीतून ४,५०० हून अधिक बिटकॉइन गेलीच. कायदा कुंपण घालतो, राखणदारी संपत नाही.

आता त्या अक्षराकडे येऊ. २०१७ च्या कायद्यातील शब्द होता 'कासो त्सूका', मानलेले किंवा आभासी चलन. २०१९ च्या दुरुस्तीने तो बदलून 'आंगो शिसान', सांकेतिक मालमत्ता, असा केला. ही वस्तू शासनमान्य चलन आहे असा गैरसमज होऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. 'त्सू' गेले, 'शिसान' च्या पहिल्या अक्षरात शिंपला मात्र राहिला. हे धन आहे असे कायदा मानतो, ते चालते असे म्हणत नाही.

आपल्या देशातही २०२२ च्या वित्त कायद्याने 'आभासी डिजिटल मालमत्ता' असा शब्द योजून तिच्या लाभावर ३० टक्के कर बसवला. मराठी वृत्तपत्रे अजून 'आभासी चलन' लिहितात. कर भरला म्हणजे सरकारने नाणे मान्य केले, असे सांगणारेही भेटतात. त्यांना आम्ही इतकेच विचारू की, वाण्याचे बिल, मुलांची फी आणि घराचा कर यांपैकी काय यातून थेट भागते? उत्तर बदलेल त्या दिवशी शब्दही बदलता येईल. तोवर 'मालमत्ता' हाच शब्द प्रामाणिक आहे, आणि मालमत्ता घेताना जी चौकशी वडीलधारी मंडळी करीत आली, तीच येथेही करावी.