बिघडलेल्या अक्षरांचा इतिहास : मराठी ईमेल ब्राउझरमध्ये का विस्कटत असे?

जत तालुक्यात दोन लिपींचा शेजार जुना आहे. सांगली जिल्ह्याच्या या तालुक्याला कर्नाटकातील विजयपूर आणि बेळगाव हे जिल्हे लागून आहेत. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांबरोबर कन्नड शाळाही येथे भरतात आणि गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेत दोन्ही भाषा कानी पडतात. पुण्याहून आलेले मराठी पत्र आणि विजयपूरहून आलेले कन्नड पत्र येथील एकाच घरातील एकाच संगणकावर उघडले जाणे हे काही नवल नव्हे. नवल असे ते वेगळेच. साधारण २००० नंतरच्या दशकात ही दोन्ही पत्रे ब्राउझरमध्ये पुष्कळदा मराठीही दिसत नसत आणि कन्नडही. दिसत ती विचित्र रोमन चिन्हे, प्रश्नचिन्हे किंवा रिकाम्या चौकटी. या तिन्हींचा अर्थ एकच नव्हता, आणि पत्र वाचवता येणार की कायमचे गेले हे त्या फरकावरच ठरत असे.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, हा केवळ कराराचा भाग. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘अॅस्की’ या करारात जागा होत्या १२८, आणि त्या इंग्रजीपुरत्या होत्या. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ईमेल पोहोचवण्याचे नियम लिहिले तेही याच करारावर. दहा वर्षांनी, जून १९९२ मध्ये, नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांच्या ‘माइम’ या नियमावलीने पत्राच्या डोक्यावर ‘हा मजकूर अमुक संकेतप्रणालीत आहे’ अशी चिठ्ठी लावण्याची सोय केली. पुढचे बहुतेक घोटाळे ही चिठ्ठी नसल्याने, चुकीची असल्याने किंवा कोणी न वाचल्याने झाले.

भारताने स्वतःचा करार केला होता, आणि तो जतच्या दृष्टीने फार रंजक आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्या परंपरेतील ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला मुळात एकच, म्हणून इस्कीत मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच क्रमांक होता : १७९. तो कोणत्या लिपीत दाखवायचा, हे मजकुरातील एक वेगळा संकेत ठरवी. भारतीय लिपींचे नाते इतक्या स्वच्छपणे मांडणारी दुसरी रचना सापडणे कठीण. युनिकोडने देवनागरीचा अनुक्रम इस्कीवरूनच घेतला, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र क्रमांक दिले.

मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मराठी माणसाच्या हाती इस्कीही नव्हती आणि युनिकोडही. हाती होते फॉन्ट. काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले हे फॉन्ट प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने घडवले होते. छपाईला ते उत्तम होते, ईमेलला घातक. असे पत्र संगणकाच्या लेखी रोमनच असे. फॉन्ट नसलेल्या ब्राउझरने रोमन अक्षरांची निरर्थक रांग दाखवली, तर त्यात ब्राउझरचा दोष शून्य.

युनिकोड आल्यावर दुसऱ्या प्रकारचा बिघाड पुढे आला. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी रचलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. ब्राउझरने ते बाइट पश्चिम युरोपीय समजून वाचले की ‘मी’ या शब्दाची सहा चिन्हे होतात : तिरपी रेघ डोक्यावर असलेला रोमन ‘ए’, चलनाचे सामान्य चिन्ह, नोंदणीकृत व्यापारचिन्हातला ‘आर’, पुन्हा तोच ‘ए’, मग जपानी येन आणि शेवटी युरो. कन्नड मजकुरात दुसऱ्या जागी चलनाऐवजी वर चढवलेले छोटे २ किंवा ३ येतात. म्हणजे जतमधील जाणत्याला पत्र न वाचताही त्याची भाषा ओळखता आली असती!

हा बिघाड सर्वांत निरुपद्रवी होता, कारण बाइट शाबूत असत. इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘एन्कोडिंग’मध्ये जाऊन युनिकोड निवडले की पत्र उभे राही. वेबमेलमध्ये मात्र पेच होता. वेबपानाची संकेतप्रणाली एक आणि त्यात दाखवायची पत्रे अनेक प्रणालींतील. सेवेने रूपांतर केले नाही, तर एक पत्र सुधारताना दुसरे बिघडे.

रिकामी चौकट दिसली तर दुखणे आणखी किरकोळ : क्रमांक बरोबर, फॉन्ट गैरहजर. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय होती, कन्नडची विंडोज एक्सपीपासून आली. आणि एक्सपीतही जटिल लिपींच्या खुणेवर टिचकी मारून, बहुधा सीडी घालून, ती बसवावी लागे. ती नसेल तर ‘लिपी’ शब्दातील पहिली वेलांटी ‘ल’च्या आधी न येता नंतर पडे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फॉन्टांत त्याची चौकटच होई.

प्रश्नचिन्हांचे तसे नव्हते. वाटेतील एखाद्या प्रणालीने मराठी मजकूर रोमन संचात कोंबला, की न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी ती प्रश्नचिन्ह लिही. ‘नमस्कार’ची अक्षरे चार, पण हलन्त आणि काना धरून प्रश्नचिन्हे सात. मूळ क्रमांक तेथेच पुसले जात. मग कोणतीही सेटिंग बदला, उपयोग नाही. प्रेषकाकडची मूळ प्रतच हवी.

विस्कटलेले पत्र तसेच नक्कल करून पुढे पाठवणे हीही तितकीच मोठी चूक. हलन्त आणि ऱ्हस्व उकार यांच्या शेवटच्या बाइटांना विंडोजच्या पश्चिम युरोपीय संचात चिन्हच नाही. काही प्रणाली ते गाळून टाकत, आणि नंतर दुरुस्त केलेल्या मजकुरातून नेमकी जोडाक्षरे आणि उकार नाहीसे होत.

२००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले आणि नवी पत्रे हळूहळू सुरळीत दिसू लागली. जुन्या फॉन्टांतील पत्रे मात्र आजही जुन्या खात्यांत तशीच पडून आहेत. फॉन्टचे नाव ठाऊक असेल, तर परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येतात. एचटीएमएल पत्राच्या आत ते नाव लिहिलेले सापडू शकते. साध्या मजकुराच्या पत्रात ते नसते. तेथे प्रेषकाने वर रोमनमध्ये लिहिलेली ‘अमुक फॉन्ट उतरवून घ्यावा’ ही एक ओळ असेल, तर तीच काय ती किल्ली.