चुकीच्या जागी पाडलेलं भोक
रिठदला सर्दी मुरली की बाबा ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून कपाळ शेकायचे. ऑपरेशनचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांनी ऐकलेलं ऑपरेशन जुनं होतं.

१८९३ला न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलनं आणि १८९७ला पॅरिसच्या आँरी ल्यूकनं ती वाट दाखवली. वरच्या ओठाखालून हाड फोडायचं, गालातली पोकळी खरवडायची, नाकात खालच्या बाजूला नवं भोक पाडायचं. पू तळाशी साचतो, मग निचराही तळातूनच. इंजिनिअर म्हणून मीही हेच केलं असतं.

पण ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर मेसरक्लिंगरनं दुर्बिणीतून पाहिलं, तर पोकळीतले सूक्ष्म केस शेंबूड वर, मूळच्या छिद्राकडेच ढकलत होते. नव्या भोकाला वळसा घालून! म्हणजे तुंबलेली मूळ वाटच मोकळी करायला हवी. १९७८ला त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं, १९८५पासून अमेरिकेत डेव्हिड केनेडीनं हे तंत्र रुजवलं.

आता बारा आठवड्यांवर त्रास टिकला तर जुनाट म्हणतात. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं, म्हणजे आपली जलनेतीच, आणि स्टिरॉइडचा फवारा. त्यानं भागलं नाही तरच सीटी स्कॅन आणि दुर्बीण.

फवारा म्हटल्यावर बाबांना आधी सोयाबीन आठवलं. नाकात मारायचा म्हटल्यावर ते बराच वेळ बाटलीच बघत बसले.