खंडी म्हणजे किती?

जुन्या दस्तऐवजांच्या किंवा ग्रामीण साहित्याच्या संपादित आवृत्तीत ‘खंडी’ हा शब्द आला की खाली तळटीप ठरलेली: खंडी म्हणजे वीस मण. वाचक मण सुमारे ३७ किलोंचा धरतो आणि खंडी साडेसातशे किलोंच्या घरात नेऊन ठेवतो.

परंतु खंडी हे मुळात केवळ वजन नव्हे, भरून मोजण्याचे मापही आहे. देशावर दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर अशी दुपटीची चढण चालते. पुढे चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. म्हणजे २४० पायल्या. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या व्यापारात मात्र सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फऱ्यांची खंडी, म्हणजे १२८ पायल्या. शेरही निराळा. तत्कालीन इंग्रजी कोष्टके या खंडीचे वजन सुमारे ३५८ पौंड देतात, म्हणजे जेमतेम १६३ किलो. तळटिपीतल्या खंडीशी हिची तुलना केली तर फरक साडेचार पटींचा पडतो.

आज नवी मुंबई जिथे वसली आहे त्या खाडीकाठी, पनवेल-उरणच्या बाजूला, भाताबरोबर मिठाचेही पीक निघे. मुंबईत मिठाचा फरा साडेदहा अधोल्यांचा होता. शंभर फऱ्यांचा आणा, सोळा आण्यांची रास, आणि रास चाळीस टनांची. अधोली म्हणजे नावाप्रमाणे अर्धी पायली, देशावर दोन शेरांची. मुंबईच्या कोष्टकात तीच चार शेरांची. (‘पायलीचे पंधरा, अधोलीचे सोळा’ म्हणताना हा हिशेब कोण करतो?)

याहून अवघड प्रश्न शिगेचा. मापाच्या काठावर धान्याचा जो सुळका उभा राहतो ती शीग. उत्कंठा ‘शिगेला पोचते’ ती तिथेच. माप शिगोशीग भरायचे की काठाशी सपाट करायचे, हे कोष्टकात कुठेच नसते. खंड धान्यात घेतला जाई, तेव्हा तो निर्णय खळ्यावर होई, आणि माप कोणाच्या हाती आहे यावर कुळाच्या घरातले काही महिन्यांचे जेवण अवलंबून असे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही.

१९५६च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली. तुर्भ्याच्या दाणाबाजारात आज भाव क्विंटलवर बोलला जातो. संपादकाने मात्र मुंबईच्या खंडीला मोठा मण लावला, तर एका खंडीवर गुजराण करणारे कूळ कागदावर साडेचार पट सुखवस्तू होते, आणि त्याची तक्रार वाचकाला कांगावा वाटू लागते.